उणे १९६ ला तगतं, मग पहाटेच्या गारठ्यात मरतं का?

गिरणाकाठचा | ५ जानेवारी, रात्री ९:१५

राम राम मंडळी. भडगाव तालुक्यातून लिहितोय. गोठ्यात चार गाई, दोन म्हशी, एक वगार. पसारा मोठा नाही, पण घर त्याच्यावरच चालतं.

आमची चांदणी, एचएफ (होल्स्टीन) क्रॉस, दुसरं वेत. १२ नोव्हेंबरला कांडीनं, म्हणजे नळीत गोठवलेल्या वळूच्या वीर्यानं, भरवली, उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली. ३ डिसेंबरला भरवली, उलटली. २४ डिसेंबरला परत भरवली. आता पुढच्या माजाची १४ तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो.

२४ तारखेला मी नीट बघत उभा होतो. पहाटे साडेसहा, गारठा असा की बोटं वळत नव्हती. मोबाइलात ८ अंश दाखवत होतं. भरवायला येणारा दादा गाडी रस्त्यावरच लावून आला, कारण गोठ्यापर्यंत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत. तिथेच त्यानं नायट्रोजनच्या कंटेनरमधून कांडी काढली, थर्मासमधल्या कोमट पाण्यात बुडवली, गनला, म्हणजे भरवायच्या स्टीलच्या नळीला भरली आणि गन हातात घेऊन चालत आला. इकडे गाय मोकळी. दावं शोधा, खोड्यात घाला, शेपूट धरायला माणूस बोलवा. चार-पाच मिनिटं गेली. दादाच्या डोक्याला कानटोपी, हाताला मोजे. गन उघडीच.

मी म्हटलं, दादा, हे गार नाही का होणार? तो हसला. म्हणे, "भाऊ, हे उणे १९६ मध्ये राहतं. तुमच्या गारठ्यानं त्याला काय होतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. जे उणे १९६ ला वर्षानुवर्षं तगतं ते ८ अंशांत मरेल कसं? जाणकारांनी सांगावं. दादाचा राग नाही, माणूस चांगला आहे, रात्री-बेरात्री येतो.

कळणाभाकर | ५ जानेवारी, रात्री ९:३२

उणे १९६ ला तगतं आणि पहाटे मरतं, हे माझ्या मोटरसायकलच्या बॅटरीचं वर्णन वाटलं. वाचतोय.

बोदवडकर | ५ जानेवारी, रात्री १०:०५

गिरणाकाठ, कांडीच्या मागे लागू नका. आधी खायला काय घालता ते सांगा. आपल्याकडे नुसता ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप चालू असते, मिनरल मिक्स्चर कोणी घालत नाही, आणि गाय उलटली की दोष डॉक्टरला. माझ्या दोन गाई अशाच फिरत होत्या. तीन महिने मिनरल मिक्स्चर चालू केलं, जंताचं औषध दिलं, राहिल्या. कांड्या त्याच होत्या आणि माणूसही तोच.

सातपुड्याचा वारा | ५ जानेवारी, रात्री १०:२०

भो, मना आजानी थर्मामीटर कधी दखा नही, तरी गोठाम्हा दहा ढोरं व्हतात. गावात एक चांगला वळू ठेवा. ना कांडी, ना नायट्रोजन, ना धागा.

पांझरा डॉक्टर | ५ जानेवारी, रात्री ११:४८

उशिरा वाचलं. धुळे जिल्ह्यात ३१ वर्षं पशुवैद्यक म्हणून काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे.

गिरणाकाठ, तुमचा प्रश्न फार बरोबर आहे आणि दादाचं उत्तर चुकलेलं आहे. या धंद्यातली पन्नास टक्के माणसं तेच उत्तर देतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उणे १९६ ला शुक्राणू "तगत" नाही, तो तिथे थांबलेला असतो. हालचाल नाही, खाणंपिणं नाही, काही घडतच नाही. त्या तापमानाला पोचला की तो सुरक्षित. मरण असतं ते वाटेत, खाली जाताना आणि वर येताना. घाटात अपघात होतात, वर पठारावर गाडी लावली की काय होणार आहे? कन्नडचा घाट आठवा.

आता ८ अंशांचं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली बघा. सगळं तेल एकदम थिजत नाही. आधी बुडाशी पांढरे ढग धरतात, वर पातळ राहतं. शुक्राणूचं आवरणही अनेक तऱ्हेच्या स्निग्ध पदार्थांचं. वेगाने गार केलं, विशेषतः २० अंशांपासून ५ अंशांपर्यंत, की त्यातले काही थिजतात, काही पातळ राहतात, आणि दोघांच्या सांध्यावर फटी पडतात. त्या फटींतून आतलं बाहेर जातं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. याला कोल्ड शॉक म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली असे शुक्राणू एका जागी गोल गोल फिरताना दिसतात, काही तर उलटे पोहतात, शेपटी वेटोळी झालेली असते. पुन्हा गरम केलं तरी ते सुधारत नाहीत. नासलेलं दूध गाळून परत दूध होत नाही, तसं.

तेच वीर्य तासा-दोन तासांत सावकाश ५ अंशांवर नेलं, आणि सोबत अंड्याचा बलक असलेलं द्रावण असलं, तर बरेचसे टिकतात. म्हणजे ८ अंश आहेत यापेक्षा ३७ वरून ८ वर किती वेळात आलं, हे महत्त्वाचं.

तुमच्या त्या कांडीत पाव मिलिलिटर माल असतो. चार-पाच थेंब. त्याच्याभोवती स्टीलची गन. स्टील ८ अंशांचं असेल तर ते चार-पाच थेंब ३७ वर किती वेळ राहतील? द्रावणात बलक आणि ग्लिसरॉल असतं म्हणून थोडंफार संरक्षण आहे, सगळे मरतील असं मी म्हणत नाही. पण कांडीतल्या २ कोटी शुक्राणूंतले आधीच निम्मे गेलेले असतात, राहिलेल्यांतले आणखी घालवायची हौस कशाला.

बोदवडकरांचं म्हणणंही खरं आहे, त्यावर उद्या लिहितो. आणि सातपुड्याचे वारे, गावच्या वळूमुळे ब्रुसेलोसिस आणि ट्रायकोमोनास गोठ्यागोठ्यात कसे पोचतात ते मी पाहिलंय. एका वळूनं अख्ख्या वाडीच्या गाई गाभडवल्या होत्या.

लॅबवाली | ६ जानेवारी, दुपारी १:१०

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. मी रेत गोठवणाऱ्या एका केंद्रात काम केलंय, नाव नको. आतली बाजू सांगते.

पहाटे वळूचं रेत घेतलं की नळी लगेच ३४ ते ३७ अंशांच्या पाण्यात. द्रावणही त्याच तापमानाचं लागतं. नवीन असताना मी एकदा द्रावण फ्रीजमधून काढलं आणि गरम व्हायची वाट न बघता मिसळलं. सरांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला म्हणाले, ये बघ. ढगासारखी लाट असायला हवी तिथे सगळे जागच्या जागी थरथरत होते. अख्खं रेत मोरीत ओतलं. त्या वळूची किंमत माझ्या दहा वर्षांच्या पगाराएवढी होती.

नंतर सावकाश ४-५ अंशांवर न्यायचं, तिथे साधारण चार तास ठेवायचं. मग यंत्रात नायट्रोजनच्या वाफेत उणे १४० पर्यंत आणि शेवटी द्रवात बुडी. या टप्प्यात मात्र उलटं, साधारण उणे १५ ते उणे ६० हा पट्टा झपाट्याने पार करायचा. फार हळू गेलो तर बाहेर बर्फ होतो, उरलेलं पाणी खारट होत जातं, पेशी त्या खारात सुकते. फारच वेगाने गेलो तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, बर्फ आतच होतो, सुया टोचल्यागत. दोन्हीच्या मधली वाट काढायची. म्हणून ६-७ टक्के ग्लिसरॉल.

एवढं करून वितळवल्यावर ५० टक्के पुढे पोहताना दिसले की आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ती बॅच पास. निम्मे जगले तर आम्ही पेढे वाटतो! म्हशीचं रेत गोठवताना तर गाईपेक्षा जास्त पडतात, रेड्यांच्या बॅचेस जास्त नापास व्हायच्या. आणि हल्ली जी लिंगनिर्धारित, कालवडीच होणारी कांडी मिळते ना, तिच्यात २ कोटींच्या जागी साधारण २० लाखच असतात. तिथे पाच मिनिटांचा गारठा परवडणारच नाही.

पुणेकर नाइलाजाने | ६ जानेवारी, दुपारी १:३०

थांबा. अंड्याचा बलक? म्हणजे आमच्या आजीची सोवळ्यातली गाय इतकी वर्षं अंडं खात होती?

लॅबवाली | ६ जानेवारी, दुपारी १:४१

खात नव्हती हो, तोंडाचा काही संबंध नाही :) बलकातलं लेसिथिन आणि काही स्निग्ध प्रथिनं शुक्राणूच्या आवरणाला चिकटून त्या फटी पडू देत नाहीत. आजीचं समाधान होत नसेल तर सोयाबीनच्या लेसिथिनचं द्रावणही असतं.

कळणाभाकर | ६ जानेवारी, दुपारी १:५०

सोयाबीनवाली कांडी हवी हो एक, आमच्या गोठ्यात अंडं चालत नाही. (हलके घ्या.)

जुनंपानं | ६ जानेवारी, संध्याकाळी ७:२५

अंडी निघालीच आहेत तर थोडं अवांतर.

थंडीनं शुक्राणू निपचित पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलतात, हे इटलीच्या स्पालान्झानीनं १७७६ सालीच बर्फात ठेवून पाहिलं होतं. पण गोठवून जिवंत ठेवायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली, आणि तेही चुकून.

लंडनला पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघं कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवायचा प्रयत्न करत होते. फळांतली साखर, फ्रुक्टोज. काही जमेना. बाटल्या शीतकपाटात ठेवून दिल्या. काही महिन्यांनी त्यातलीच बाटली काढून परत करून पाहिलं आणि कोंबड्याचे शुक्राणू वितळल्यावर टुणटुणीत! मग साखरेचं नवं द्रावण केलं, तर पुन्हा सगळे मेलेले. जुन्या बाटलीत थोडंसंच उरलं होतं, ते तपासायला दिलं. त्यात साखरच नव्हती. निघालं ग्लिसरॉल आणि अंड्याचं प्रथिन, म्हणजे काचपट्टीवर नमुने चिकटवायला वापरतात ते मिश्रण. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. हे १९४९ साली छापून आलं. १९५१ ला गोठवलेल्या वीर्याचं पहिलं वासरू जन्मलं.

आपल्याकडे कृत्रिम रेतन सुरू झालं १९३९ ला म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत, संपत कुमारन यांच्या हातून. तेव्हा अर्थात ताजं वीर्य. महाराष्ट्रात मणिभाई देसाईंनी १९६७ ला उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली, आणि पुढे गोठवलेल्या कांडीसकट दारात येऊन गाय भरवण्याची पद्धत त्यांनीच रुळवली. आज गिरणाकाठच्या गोठ्यात कानटोपी घालून येणारा दादा हा त्याच परंपरेतला.

बोदवडकर | ६ जानेवारी, रात्री ८:००

चिठ्ठ्यांची अदलाबदल! आमच्याकडे झाली असती तर मेमो निघाला असता.

यात्रेतला घोडेवाला | ६ जानेवारी, रात्री ९:४५

शहादा तालुक्यातून. आत्ताच सारंगखेड्याची यात्रा आटोपली, आवाज बसलाय, म्हणून लिहितोय.

घोड्याचं वेगळंच प्रकरण आहे. एकाच वयाचे, एकाच चाऱ्यावरचे दोन घोडे, एकाचं वीर्य गोठवून मस्त निघतं, दुसऱ्याचं पार पाणी. म्हणून बाहेरच्या देशांत गोठवण्यापेक्षा नुसतं ५ अंशांवर गार करून खोक्यातून पाठवतात, २४ ते ४८ तासांत घोडीला भरायचं. त्या खोक्याचं काम एकच, गार करणं *सावकाश*. मिनिटाला साधारण ०.३ अंश. म्हणजे ३७ वरून ५ ला यायला पावणेदोन तासांच्या आसपास. सोबत दुधाच्या पावडरीचं आणि ग्लुकोजचं द्रावण.

यंदा यात्रेत एक जण सांगत होता की त्यानं मित्राकडून घोड्याचं वीर्य आणलं, थर्मासमध्ये बर्फाचे खडे टाकून, लस्सीसारखं. वाटलं असेल जितकं थंड तितकं चांगलं. घोडी राहिली नाही. आज कळलं का ते.

पांझरा डॉक्टर | ६ जानेवारी, रात्री १०:३०

लस्सी! हे मी यापुढे प्रत्येक व्याख्यानात सांगणार. (निवृत्त आहे, व्याख्यानं बायकोलाच.)

जनावरागणिक फरक आहे हे घोडेवाल्यांनी छान मांडलं. सर्वांत हळवं डुकराचं. त्याच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे ते १७ अंशांच्या आसपास ठेवतात, फ्रीजमध्ये घातलं की संपलं. वळू आणि मेंढा मधले. कोंबडा आणि ससा गारठ्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पोल्जसाहेबांच्या हाती कोंबडा लागला हेही नशीबच म्हणायचं.

आता कालचं राहिलेलं. गिरणाकाठ, माज कधी दिसला आणि कांडी कधी पडली, तिन्ही वेळचं लिहा.

गिरणाकाठचा | ७ जानेवारी, सकाळी ६:०५

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तिन्ही वेळा संध्याकाळी धार काढताना बळस (माजाचा चिकट स्राव) दिसली, साधारण साडेपाच. दादाला फोन केला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा-सातला आला. संध्याकाळी माज तर सकाळी भरवायचं, असंच ऐकलंय ना?

बोदवडकर | ७ जानेवारी, सकाळी ७:२०

हे बघा सापडलं. साडेपाचला *दिसली*. माज सुरू कधी झाला ते कुणी बघितलं? दिवसभर तुम्ही शेतात. गाय सकाळी दहालाच दुसऱ्या गाईवर उडत असेल तर तुमचं गणित आठ तासांनी हललं. उगाच गारठ्यावर खापर.

पांझरा डॉक्टर | ७ जानेवारी, सकाळी १०:१५

बोदवडकर, मुद्दा चोख आहे. पण तो गारठ्याच्या विरुद्ध जात नाही, दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत.

गोठवून वितळलेला शुक्राणू ताज्यापेक्षा म्हातारा असतो. थंडीनं त्याच्या आवरणात जे फेरफार होतात ते नेमके गर्भाशयात शेवटच्या टप्प्यात व्हायला हवे असतात. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीच पेपर लिहून मोकळा झालेला मुलगा. ताजं वीर्य गाईत दिवसभराहून जास्त टिकेल, वितळवलेलं त्याच्या बऱ्याच आधी दमतं. बीज सुटतं माज संपल्यावर १०-१२ तासांनी. त्यामुळे वळू लावला तर वेळ थोडी मागंपुढं झाली तरी चालून जातं, कांडीला चालत नाही. आणि त्या थकलेल्यांना पाच मिनिटं थंड स्टीलमध्ये ठेवलं तर उरलेली मुदत आणखी घटते. वेळ चुकणं आणि हाताळणी चुकणं, दोन्ही मिळून गाय उलटते.

दादाला न दुखावता करण्याजोगं सांगतो:

गाय आधी बांधा, मग कांडी काढा. एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

पाणी ३७ अंश, कांडी ३० सेकंद. काढली की कोरडी पुसायची, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून फुटतात. गन आधी हातावर चोळून कोमट करायची. भरलेली गन आवरणासकट शर्टाच्या आत, छातीशी धरून गाईपर्यंत न्यायची. दिसायला विचित्र दिसतं, मी आयुष्यभर तसंच केलं.

आणि कंटेनरमधून कांडी शोधताना कांड्यांची डबी कंटेनरच्या मानेच्या वर काढायची नाही. मानेत सुद्धा दहा सेकंदांत मिळाली नाही तर परत खाली बुडवायची. वर आली की बाकीच्या सगळ्या कांड्या उणे १९६ वरून चढू लागतात. पार वितळत नाहीत, पण आतले बर्फाचे बारीक कण मोठे होतात, आणि परत खाली गेल्या तरी नुकसान तसंच राहतं. तुमची गाय उलटते ती कदाचित तुमच्या गोठ्यातल्या गारठ्यानं नाही, मागच्या गावात दादानं डबी बाहेर धरून फोनवर गप्पा मारल्या म्हणून. हे कोणालाच दिसत नाही, हीच पंचाईत.

सातपुड्याचा वारा | ७ जानेवारी, सकाळी १०:४०

डॉक्टर, हिवाळ्याचं झालं. आपल्या भुसावळात मे महिन्यात ४५ अंश असतात, तेव्हा कांडीचं काय? आणि माझ्या वळूचं?

पांझरा डॉक्टर | ७ जानेवारी, सकाळी ११:३०

कांडीला उन्हाळ्यात नायट्रोजन लवकर उडण्याचा त्रास. लाकडी पट्टी बुडवून बघायची, जिथवर पांढरं दव धरतं तिथवर नायट्रोजन. आणि बंद जीपमध्ये कंटेनर घेऊन फिरणाऱ्यांनी काचा खाली ठेवाव्यात. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. वास नाही, रंग नाही, कळायच्या आत माणूस आडवा.

तुमच्या वळूचा हिशेब जास्त मजेशीर आहे. वृषण शरीरापेक्षा ४-५ अंश गार लागतात, म्हणून तर देवानं बाहेर लटकवलेत. मे महिन्यात तो उन्हात बांधला तर लगेच काही बिघडलेलं दिसणार नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ६१ दिवस, वर बाहेर यायला आठ-दहा दिवस. म्हणजे मे मधलं ऊन जून-जुलैत दिसतं. तेव्हा पाऊस पडलेला असतो, सगळं हिरवं असतं, आणि तुम्ही म्हणता यंदा गाई का फिरतायत.

सातपुड्याचा वारा | ७ जानेवारी, दुपारी १२:०२

आते समजनं. मागल्या जुलैत हेच झालं व्हतं. वळूले लिंबाखाली बांधतो.

दूरदेशी पाचोरा | ७ जानेवारी, दुपारी ३:१५

न्यूझीलंडहून नमस्कार. मूळचा पाचोऱ्याचा, इथे डेअरी फार्मवर आहे.

वरच्या सगळ्या चर्चेला एक फाटा. इथे हंगामात वीर्य बऱ्याचदा गोठवतच नाहीत! सगळ्या गाई एकाच वेळी माजावर येतील असं वेळापत्रक असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा ताजं वीर्य १८ ते २४ अंशांच्या दरम्यान, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत संपवतात. द्रावणात बलक थोडाच, आणि त्यातला ऑक्सिजन काढून नायट्रोजन वायू सोडलेला. गंमत म्हणजे एका कांडीत १०-२० लाख शुक्राणू पुरतात, कारण गोठवण्यात मरायचे वाचतात. एक चांगला वळू एका हंगामात केवढ्या गाईंना पुरतो बघा.

आमच्या पाचोऱ्याला हे चालेल का? खोलीचं तापमानच ४२, तिथे काय बोलणार.

लॅबवाली | ७ जानेवारी, दुपारी ३:४०

आणि आपल्या गाई बारा महिने, आज एक उद्या दुसरी अशा माजावर येतात. दोन दिवसांत संपवायची कांडी गावोगाव पोचवणार कोण? गोठवण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. ऑस्ट्रेलियात १९६८ साली गोठवलेलं मेंढ्याचं वीर्य ५० वर्षांनी वापरलं, ५६ मेंढ्यांपैकी ३४ राहिल्या. ते मेंढे मरून जमाना झाला होता.

शेळीवाली आक्का | ७ जानेवारी, रात्री ८:२०

मला एक विचारायचंय. साक्रीकडे बचत गटाच्या २५ शेळ्या आहेत. शेळीला कांडी मिळते का? एक जण म्हणाला बोकडाचं वीर्य अंड्यात टाकलं की दह्यासारखं होतं. खरं का?

लॅबवाली | ७ जानेवारी, रात्री ८:५५

आक्का, तुमच्या माणसाला माहिती आहे बरं! बोकडाच्या एका ग्रंथीतून असं विकर (एन्झाइम) येतं की ते बलकातल्या लेसिथिनचे तुकडे करतं, आणि त्या तुकड्यांनी शुक्राणूच मरतात. म्हणून आधी वीर्य धुऊन ग्रंथीचा स्राव काढून टाकतात, किंवा बलक अगदी कमी, नाहीतर दुधाचं द्रावण वापरतात. कांड्या असतात, पण सगळीकडे सहज मिळत नाहीत. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचारा. २५ शेळ्यांना चांगला बोकड ठेवणं सोपं पडेल, मात्र दोन वर्षांनी बदला, नाहीतर बाप-लेकींचं होतं.

पुणेकर नाइलाजाने | ७ जानेवारी, रात्री ९:१०

तीन दिवस हा धागा वाचतोय. काल ऑफिसात कोणीतरी एसी १८ वर नेला तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "सावकाश, कोल्ड शॉक बसेल." आता सगळे माझ्याकडे बघतात.

गिरणाकाठचा | १४ जानेवारी, रात्री ८:३०

मंडळी, चांदणी काल परत माजावर आली. एक दिवस आधी, पण आली. म्हणजे २४ तारखेचंही वाया.

या वेळी मी काल सकाळपासून शेतात गेलोच नाही. दुपारी दोनला ती शेजारणीवर उडाली, तेव्हा घड्याळ बघितलं. दादाला फोन केला, म्हटलं रात्री उशिरा नाहीतर उजाडायच्या आत ये. आज पहाटे पाचला आला. गाय आधीच खोड्यात, दावं बांधलेलं, शेपूट धरायला पोरगा उभा.

आता गंमत. डॉक्टरांनी ३७ अंश सांगितलं, पण थर्मामीटर कुठला? घरात आईचा तापाचा डिजिटल होता. दादानं थर्मास उघडला, मी म्हटलं थांब, आणि तो तापाचा थर्मामीटर पाण्यात घातला. पीं पीं वाजला आणि पडद्यावर आलं "लो". परत घातलं, परत "लो". दादा म्हणे, "हे काय म्हणतंय?" मी म्हटलं, "म्हणतंय तुझ्या पाण्याला तापच नाही."

त्यानं घरून चारला पाणी भरलं होतं, आमच्या आधी दोन गोठे करून आला. प्रत्येक वेळी झाकण उघडलं, गार हवा गेली. बायकोनं चुलीवरचं पाणी आणलं, घालत घालत ३७.२ झालं तेव्हा कांडी बुडवली. पोराने मोबाइलवर ३० मोजले. दादानं गन चोळली, शर्टात घातली, आणि स्वतःच हसत सुटला.

बोदवडकर | १४ जानेवारी, रात्री ८:४५

"तुझ्या पाण्याला तापच नाही" :))

पण एक सांगतो. तुम्ही या वेळी वेळ बदलली, पाणी बदललं, गन बदलली. राहिली तर नक्की कशानं राहिली ते कधीच कळणार नाही.

गिरणाकाठचा | १४ जानेवारी, रात्री ८:५२

मिनरल मिक्स्चरही चालू केलंय ७ तारखेपासून.

बोदवडकर | १४ जानेवारी, रात्री ८:५३

मग माझ्यामुळेच राहिली असं समजा.

पांझरा डॉक्टर | १४ जानेवारी, रात्री ९:३०

थर्मास पहिल्या गोठ्यात ३७, तिसऱ्यात "लो", हे मी तीस वर्षांत एकदाही मोजून पाहिलं नाही. बोट घालून "बरोबर आहे" म्हणायचो. आता लाज वाटतेय.

डेअरीच्या दुकानात दुधाचा काचेचा थर्मामीटर मिळतो, स्वस्त असतो. दादाला एक भेट द्या. आईचा परत द्या.

गिरणाकाठचा | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

४ तारीख गेली. चांदणी शांत आहे. ५ ला रात्रभर दोनदा उठून बघितलं, बळस नाही, हंबरणं नाही. अजून काही बोलत नाही, तीन महिन्यांनी हात घालून बघितल्यावरच खरं.

दुधाचा थर्मामीटर दादाला दिला. त्यानं तो दोऱ्यानं थर्मासच्या कानाला बांधलाय. काल शेजारच्या गल्लीत गेला तेव्हा तिथल्या काकांना म्हणाला, "गाय आधी बांधा, मग कांडी निघेल."

सातपुड्याचा वारा | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

राहिनी तर पेढा. नही राहिनी तर मना वळू धाडतो.

कळणाभाकर | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:४४

राहिली तर पेढे नकोत, भरीत-पुरी. वांगी आमच्याकडून.